दोन कार्डांमधली खसखस

आभार मानूनसुद्धा माणसाला घाम फोडता येतो, हे मला त्या शुक्रवारी दुपारी कळलं. हवाई तळावरच्या दुकानात मांसाच्या काउंटरपाशी मी रांगेत उभा होतो. व्लास्तानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तीन पौंड छातीचं मांस आणायला सांगितलं होतं, आणि "मागच्या खेपेला नुसती चरबी उचलून आणलीस, या वेळी डोळे उघडे ठेव" असं वर बजावलं होतं. म्हणून मी डोळे उघडे ठेवून चरबीकडे बघत होतो. तेवढ्यात पुढची बाई वळली, माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिनं मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "कुबेना? बदल्यांचे कुबेना तुम्हीच का?" अशा वेळी मी सरळ नाही म्हणतो. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरकडे एकानं असंच विचारलं, तेव्हा सूज आलेल्या तोंडानं मी सांगितलं होतं की तो माझा चुलतभाऊ, आणि आमचं बोलणं नाही. गेली पाच वर्षं देशभरातल्या वैमानिकांच्या बदल्या माझ्या सहीनं होतात. माझं तोंड कुणाला ठाऊक नाही, पण नाव घेऊन शिव्या देणारे प्रत्येक तळावर आहेत. पण या वेळी पट्टी छातीवर होती आणि बाई माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मी म्हटलं, "हो, मीच," आणि शिव्या खायला उभा राहिलो. तर तिनं माझे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो! मी रोझलिन. कॅप्टन थर्मन बॉयकिनची बायको. दोन वर्षांसाठी आम्ही त्या पोर्तुगीज बेटावर गेलो आणि तुम्ही सहा वर्षं राहू दिलंत. माझ्या मैत्रिणींचे नवरे एकेक करून युद्धावर गेले हो. माझा नाही गेला. दर रविवारी मी चर्चमध्ये तुमचं नाव घेते." मी विचारलं, "कुणाचं?" ती म्हणाली, "तुमचं! युजीन कुबेना. बदल्यांच्या ऑर्डरवर सही असते ना तुमची." मग, सुट्टीवर आईकडे आलोय, थर्मन आत्ता आईला तिची खिडकी बसवून देतोय, असं बरंच काही सांगून झाल्यावर जाता जाता म्हणाली, "आणि या खेपेला मेजर होतोच आहे तो. हो ना?" काउंटरमागच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" आणि मला काही केल्या आठवेना.

कारण त्याच दिवशी सकाळी मी एका यादीवर सही केली होती. युद्ध संपलं, वैमानिक उरले. तीन माणसं आणि एक विमान, असं आमचं गणित झालं होतं. कुणाला कोठारात बसव, कुणाला कॉलेजांतून भरतीची पत्रकं वाटायला पाठव, आणि ज्यांना बढती मंडळानं दोनदा डावललं त्यांना हात जोडून घरी पाठव. त्या घरी पाठवायच्या एकेचाळीस नावांत सतरावं नाव होतं बॉयकिन, थर्मन. समोर मंडळाचा शेरा: सहा वर्षं एकाच बेटावर, युद्धात भाग नाही. मी शेजारच्या टेबलावरच्या ओफेलियाबाईंना तो वाचून दाखवला आणि म्हटलं, "हा पठ्ठ्या सहा वर्षं अंडी उबवत बसला होता वाटतं!" त्या हसल्या, मी हसलो, आणि शेजारी माझी आद्याक्षरं घातली. लोक गेले तिकडे, मरून आले, कैदेत पाच-पाच वर्षं काढून हाडांचे सापळे होऊन आले, आणि हा समुद्राची हवा खात होता, असा मला मनापासून रागही आला होता. आता गाडीकडे चालताना ती हवाच माझ्या मानेवरून फिरायला लागली. सहा वर्षं? आमच्याकडे सहा वर्षं कुणी कुठं राहत नाही. युद्धाच्या काळात तर दोन वर्षं झाली की माणसाचं कार्ड आपोआप पुढं सरकायचं, पुढच्या महिन्याच्या ढिगात पडायचं, आणि मी फोन उचलायचो. चुकवणारे खूप होते, पाठदुखीवाले, सासू आजारीवाले. पण चुकवायलासुद्धा आधी माझा फोन घ्यावा लागतो. बॉयकिन नावाच्या माणसाला मी कधी फोन केलेला मला आठवत नव्हता. गाडीचं स्टिअरिंग इतकं तापलं होतं की हात ठेववेना. सॅन अँटोनियोत सप्टेंबरातही असंच तापतं, आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की मांस घ्यायचं राहूनच गेलं.

ओफेलिया कांतू या बाई आमच्या कचेरीच्या इमारतीत माझ्या आधी पंधरा वर्षं होत्या आणि माझ्यानंतरही असतील. आम्ही गणवेशवाले येतो-जातो. त्या नागरी नोकर, त्यांची बदली कुणाला करता येत नाही, आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी आम्हाला ऐकवतात. तसाच कचेरीत परत जाऊन मी त्यांना म्हटलं, बॉयकिनचं कार्ड काढा. त्यांनी बॉ-चा खण ओढला, बोटं चालवली, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून चालवली. "नाही." मी म्हटलं, "नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या, "नाही म्हणजे नाही, मेजर. बॉयर आहे, बॉयकिन नाही." मग आम्ही दोघांनी सबंध कपाट उपसलं. तीन हजारांवर कार्डं. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात नाव, उजव्या कोपऱ्यात सध्याच्या जागेची मुदत संपायची तारीख, आणि मागच्या बाजूला त्यानं स्वतः लिहिलेल्या तीन इच्छा. त्या इच्छांच्या कागदाला सगळे वैमानिक स्वप्नाचा कागद म्हणतात. हवाई बेट, हवाई बेट, हवाई बेट असं तिन्ही ओळींत लिहिणारे आहेत. एकानं लिहिलं होतं, जिथं तुम्ही नसाल तिथं कुठंही. शेवटी काखेत कळसा म्हणतात तसं झालं. ओफेलियाबाईंच्याच टेबलाखाली एक बुटका खण आहे, नोकरी सोडून गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. त्यात बॉयड नावाच्या माणसाचं कार्ड होतं, अडुसष्ट साली राजीनामा देऊन अलास्कात मासेमारीला गेलेला बॉयड. त्याचं कार्ड बोटाला जरा जाड लागलं. ओफेलियाबाईंनी नख घालून उचकटलं तर दोन कार्डं निघाली, बॉयडच्या पाठीला चिकटलेला बॉयकिन. मधे वाळलेला तपकिरी डाग होता, आणि त्या डागात बारीक बारीक काळे दाणे. बाईंनी कार्ड खिडकीशी नेलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या इमारतीत खसखस खाणारा माणूस कोण, हे सांगायला पोलीस बोलवायला नकोत."

खसखस मीच खातो. आम्ही झेक माणसं. आमच्या पणजोबांनी टेक्सासात कापूस लावला तेव्हापासून आमच्या घरी पावात खसखशीचं गोड सारण भरतात, त्याला कोलाचे म्हणतात, आणि माझी आई इथून शंभर मैलांवरच्या गावाहून दर सोमवारी बसमधून माझ्यासाठी डबा पाठवते. अडुसष्टच्या ऑगस्टात मी या खुर्चीत नवा होतो. एका हातात फोन, एका हातात कोलाचे, खांद्यानं दुसरा फोन धरलेला. त्या महिन्यात युद्धावर पाठवायला शहाण्णव माणसं हवी होती आणि मी तीन आठवडे टेबलावरच जेवत होतो. मला तो ऑगस्ट आठवायला लागला तो चवीसकट. मी स्वतः वर्षभर तिकडे मालवाहू विमान उडवून आलो होतो, हात अजून सुकाणूच्या आकारातच वळत होते, आणि मला वाटायचं, आपण कसे झपाझप कामं उरकतो! त्यातच कधीतरी बोट चाटलं असेल, एक बोट चाटायचं राहिलं असेल, दोन कार्डं एकावर एक पडली असतील, आणि एक सबंध माणूस युद्धातून गळून गेला असेल. मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू.

मग दुसरा विचार आला आणि हसू गेलं. मी म्हटलं, "ओफेलियाबाई, त्याच्या जागी कोण गेलं?" त्यांनी चष्मा काढला. "कुणाच्या जागी?" "बॉयकिनच्या. एकोणसत्तरच्या जूनमध्ये त्याची पाळी होती. तो सापडला नाही म्हणजे त्याच्या खालचा वर आला. तो कोण?" बाई जुनी वही घेऊन बसल्या, आणि मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो. मनात म्हणत होतो, एक नाव निघू दे, जिवंत निघू दे. मेलेलं निघालं तर मी काय करणार, त्याच्या बायकोला काय सांगणार, माझ्या आईच्या सारणामुळे? वीस मिनिटांनी बाईंनी वही मिटली. "मेजर, भिंतीतली एक वीट काढली तर तिच्या जागी एक वीट येत नाही, वरची सगळी भिंत खाली सरकते. जूनमध्ये बॉयकिनच्या खालचा गेला. मग जुलैचा पहिला जूनमध्ये आला, ऑगस्टचा पहिला जुलैत. सगळे एकेक घर पुढं सरकलेत, शेवटच्या दिवसापर्यंत. कुणाचं नाव काढू?" मी खाली बसलो. म्हणजे एकोणसत्तरच्या जूननंतर जो जो गेला तो थोडा आधी गेला. दुसऱ्याच्या तंबूत झोपला, दुसऱ्याच्या वाटणीचं विमान उडवलं. त्यातले काही मेले ते कदाचित वाचले असते, आणि काही वाचले ते कदाचित मेले असते. सुटून आलेल्या कैद्यांचं विमान मार्चमध्ये उतरलं तेव्हा धावपट्टीच्या कडेला मीही टाळ्या वाजवत उभा होतो. एकजण शिडी उतरताना मधल्याच पायरीवर थांबून जमिनीकडे बघत राहिला होता. तो कुणाच्या महिन्यात गेला होता? माफी मागायला मला एक माणूस हवा होता, आणि तो काही मिळेना. ओफेलियाबाईंनी माझ्यापुढं कॉफी ठेवली. "तुम्ही देव नाही, मेजर," त्या म्हणाल्या. "उगाच भाव खाऊ नका. तुम्ही फक्त हात न धुता कागदाला हात लावला."

एक माणूस मात्र होता, आणि तो त्या यादीत सतरावा होता. यादी सोमवारी दुपारी वर जायची होती. मंडळानं त्याला डावललं ते युद्धावर न गेल्याबद्दल, आणि तो गेला नाही तो माझ्यामुळे. वाट एकच होती. चूक आमची, असं पत्र द्यायचं. पण त्या पत्राचा नियम कडक आहे. चूक कुणाची, कशी, केव्हा ते लिहून त्याच माणसानं सही करायची, आणि पत्राची एक प्रत त्याच्या स्वतःच्या फायलीत कायमची जाते. आता माझ्याबद्दल सांगतो म्हणजे घोडं कुठं अडलं ते कळेल. मी एकेचाळीस वर्षांचा. पाच वर्षं जमिनीवर. पंचेचाळिशीच्या आत परत विमानात बसलो नाही तर पुन्हा कधीच नाही. कर्नल हॅस्केल, आमचे वरिष्ठ, यांनी येत्या जानेवारीत रिकामी होणारी ओक्लाहोमातल्या तळावरची विमान उडवायची एक जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती. रिकाम्या जागांच्या फळ्यावर त्या चौकोनात शिसपेन्सिलीनं माझी आद्याक्षरं होती, आणि मी रोज जाता-येता त्या चौकोनाकडे चोरून बघायचो, सोळाव्या वर्षी एखाद्या मुलीच्या घराकडे बघावं तसा. फायलीत डाग पडला की ती जागा गेली. ओफेलियाबाईंना हे सगळं ठाऊक. पर्स आवरता आवरता त्या म्हणाल्या, "माझं नाव घाला. कार्ड मी लावलं, मी चुकले. मला कोण कुठं पाठवणार आहे?" मी म्हटलं, "आणि खसखस?" त्या म्हणाल्या, "म्हणा, म्हातारीला डोहाळे लागले होते." मी नाही म्हटलं नाही. हो-ही म्हटलं नाही. मूग गिळून घरी आलो, आणि मांस कुठं आहे या प्रश्नालाही उत्तर दिलं नाही.

शनिवारी सकाळी बॉयकिनच्या सासूच्या घरी फोन लावला. नंबर फिरवताना हात नेहमीसारखा चालला. दिवसाला चाळीस फोन करणारा माणूस मी. तिकडून पुरुषाचा आवाज आला, मी नाव सांगितलं, आणि मागे कुणीतरी खिळा ठोकत असलेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "आला का फोन? मला वाटलंच होतं कधीतरी येणार. कुठं जायचंय, सर?" मी म्हटलं, "कुठं नाही. युद्ध संपलं, बॉयकिन." तो म्हणाला, "हो, ते वाचलं मी." आणि मग आम्ही दोघंही हसलो, म्हणजे आधी तो हसला. मी त्याला सगळं सांगितलं, कार्ड, डाग, बॉयड, अलास्का. यादीचंही सांगितलं. सांगायची परवानगी नव्हती, तरी सांगितलं. तो म्हणाला, "मी तुम्हाला फोन केला होता, एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये. म्हटलं, माझी दोन वर्षं संपत आली. तुम्ही म्हणालात, लागलात तर आम्ही बोलावू, तोवर समुद्र बघा. आणि ठेवलात." माझे कान तापले. ते वाक्य माझंच होतं. त्या वर्षी मी ते सगळ्यांना ऐकवत होतो, आणि फार बरं जमलंय असं मला वाटायचं. मी विचारलं, "परत का नाही केलात?" तो म्हणाला, "भीती वाटली, सर. पहिलं वर्षभर मरायची. मग, इतके दिवस गप्प का बसलास असं कुणी विचारेल याची. सामानाची खोकी आम्ही उघडलीच नाहीत, माहीत आहे? रोज वाटायचं, उद्या फोन येणार. सहा वर्षं घडीच्या खुर्च्यांवर बसलोय, सोफा घेतला नाही. रोझलिनला वाटतं देवाची कृपा. मला वाटायचं, कुठंतरी चूक झालीय आणि ती मला एकट्यालाच ठाऊक आहे. जाऊन आलेले मित्र मेसमध्ये बोलायला लागले की मी उठतो, सगळ्यांसाठी बिअर आणायला. इतकी बिअर आणलीय मी!" आणि पुढं म्हणाला, "पण उडवतो मात्र मी चांगलं. वाऱ्याचं बेट आहे ते, आडव्या वाऱ्यात रोज उतरायचं. तेवढंच येतं मला. ते काढून घेतलंत तर काय करायचं मला खरंच माहीत नाही." खिळा ठोकणं थांबलं होतं. बहुधा सासू ऐकत होती.

फोन ठेवल्यावर मला त्याचा राग यायला हवा होता. हा लबाड, हा भित्रा, याच्यासाठी मी का मरू? मी प्रयत्नही केला. अंगणातलं गवत कापत, यंत्राच्या आवाजात, मोठमोठ्यानं त्याला शिव्या देऊन बघितल्या. पण आडव्या वाऱ्याचं तो बोलला आणि माझी पंचाईत झाली. आडव्या वाऱ्यात उतरताना विमान खेकड्यासारखं तिरकं येतं, नाक एकीकडे, चाल दुसरीकडे, आणि अगदी शेवटच्या क्षणी एका पायानं पेडल दाबून ते सरळ करायचं असतं. तो क्षण पोटरीत कळतो, डोक्यात नाही. गवत कापता कापता माझी पोटरी आवळली. दुसऱ्या दिवशी रविवारी आईकडे गेलो. टेबलावर कोलाच्यांचा डोंगर. मी एक हातात घेऊन दाण्यांकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "खातोस का मोजतोस?" व्लास्ता म्हणाली, "शुक्रवारपासून असंच चाललंय, सासूबाई. मांस आणायला गेला आणि रिकामा परत आला, वर तोंड उघडायला तयार नाही." तेवढ्यात घरावरून शेतात औषध फवारणारं पिवळं विमान गेलं, इतकं खालून की कपाटातल्या बशा वाजल्या. मी घास तोंडात तसाच ठेवून बाहेर पळालो. उडवणारं पोरगं पार शेताच्या टोकाला गेलं, शेपटीवर उभं राहिल्यासारखं वर चढलं, वळलं, आणि पुन्हा खाली आलं. काय सुंदर वळला तो! माझे दोन्ही हात पुढं आले होते आणि टाच जमिनीत रुतली होती. डोळ्यांत पाणी आलं. औषधानं आलं असं मी मागं उभ्या व्लास्ताला सांगितलं, आणि मग सगळंच सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "युजीन, तू परत उडवायला लागलास तर घरातले सगळे सुखी होतील. मला हवंच आहे ते. पण दर वेळी वर गेलास की तो बॉयकिन तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असेल. तुला चालणार आहे का ते, तू बघ." मी म्हटलं, "शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक बसतो." ती म्हणाली, "मग तिघं जण दाटीवाटीनं बसा."

सोमवारी सकाळी आठला मी पत्र टंकलं. चुकीचं कारण या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. चिकट पदार्थ असं लिहिलं, खोडलं. अन्नपदार्थ असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं: मेजर युजीन कुबेना यांनी खसखशीचे सारण खात असताना कार्डे हाताळली. त्याखाली: कॅप्टन बॉयकिन यांनी एप्रिल १९६९ मध्ये दूरध्वनी केला असता त्याची नोंद न घेता त्यांस समुद्र बघण्यास सांगितले. ओफेलियाबाईंनी पाठीमागून वाचलं आणि म्हणाल्या, "माझं नाव कुठाय?" मी म्हटलं, "खाली. टंकलेखनात मदत." त्यांनी माझ्या डोक्यावर फायलीनं हलकेच मारलं.

कर्नल हॅस्केलनी ते पत्र तीनदा वाचलं. भला मोठा माणूस, दोन युद्धं केलेला; त्यांच्या खांद्यांचं गदगदणं मला दिसत होतं आणि तोंड मात्र गंभीर होतं. "युजीन, विमानं पडलेली बघितली मी, धावपट्टीवर गाय आलेली बघितली. सरकारी पत्रात खसखस पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी चष्मा काढला. "हे वर गेलं की तुझा जानेवारी गेला. माहीत आहे?" मी म्हटलं, "माहीत आहे, सर." ते म्हणाले, "तो सहा वर्षं गप्प बसला." मी म्हटलं, "एकदा बोलला होता. मी ऐकलं नाही." त्यांनी मला एक वाट दिली, हेही सांगायला हवं, पत्र माझ्याकडे सरकवून म्हणाले, "माझ्या टेबलावर हे बारा वाजेपर्यंत आलंच नाही आणि यादी वर गेली, असंही होऊ शकतं." मी नुसतं पत्र परत त्यांच्या बाजूला ढकललं. त्यांनी फोन उचलला, वरच्या मजल्यावर कुणाशी तरी बोलले, मधे दोनदा "हो, खसखस" असं म्हणाले, आणि ठेवून दिला. "यादीतून सतरावं नाव काढ. पण बाबा, त्याला ठेवायचा तर बसवायचा कुठं? बेटावर आता परत पाठवता येत नाही. आडव्या वाऱ्यातला माणूस कोठारात बटाटे मोजायला बसवू? फळ्यावर काय आहे?" फळ्यावर काय आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. वर्षभरात वाहतुकीच्या विमानाची एकच जागा रिकामी होत होती, जानेवारीतली ओक्लाहोमाची. कर्नल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "नेमणुका तू करतोस."

फळ्याशी गेलो. ओफेलियाबाईंनी कधी नव्हे ते टाइपरायटर थांबवला होता. चौकोनातलं यु. कु. मी अंगठ्यानं पुसलं. शिसपेन्सिलीचं असल्यानं एका फटक्यात गेलं. त्या जागी शाईनं बॉयकिन लिहिलं. माझं स्वतःचं कार्ड नियमानं मला हाताळता येत नाही, ते बाईंनी काढलं, त्यावर सध्याच्या जागी कायम असा शिक्का मारला आणि वर फुंकर घातली. मला वाटलं होतं आता काहीतरी तुटेल. छातीत दुखलं, अगदी खरं दुखलं, बरगडीखाली, आणि त्याच वेळी असं काही हलकं वाटायला लागलं की मला आपलं शिट्टी वाजवावीशी वाटली. हे कसलं नाटक, असं म्हणून मी स्वतःलाच दटावलं. मग नंबर फिरवला.

"बॉयकिन, कुबेना बोलतोय. यादीतून नाव निघालं. जानेवारीत ओक्लाहोमा, मोठं मालवाहू विमान. वारा तिथंही आडवाच असतो." तिकडे काहीतरी पडलं, बहुधा खुर्ची, आणि तो ओरडला, "रोझी! रोझी, सोफा घे! हवा तो सोफा घे!" मागं ती कुठल्या रंगाचा, कुठल्या गावात, असं काहीबाही ओरडत होती, आणि सासू दोघांना गप्प बसा म्हणत होती. मी फोन कानापासून जरा लांब धरला. ओफेलियाबाईंनाही सगळं ऐकू जात होतं, आणि त्या रुमालात नाक शिंकरत होत्या. मग तो पुन्हा फोनवर आला, धापा टाकत, आणि आवाज एकदम खाली आणून त्यानं विचारलं, "सर, एक सांगा. या वेळी तरी माझ्यामुळे कुणी सरकलं नाही ना? ही जागा कुणाची होती?"

"कुणाची नाही," मी म्हटलं. "रिकामीच होती."